आय हॅव, यू हॅव, अण्णा हॅज

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या जशा माळ्यावर साठतात, टाकू टाकू म्हणता टाकल्या जात नाहीत, तसे ते साठतात. मग एखाद्या दिवशी चार मैत्रिणी जमतात, कॉफी होते आणि कुणीतरी म्हणतं, "ए, तो कोंबडीचा सांग ना!" एक बरणी काढायला जावं, तर सगळ्याच खाली येतात.

माझा माळा भरला तो आमच्या बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात. एकच वर्ष शिकवलं, पण त्या वर्षात मला जेवढे धक्के बसले तेवढे पुढे संसारातही बसले नाहीत. आणि संसार काही साधा झाला नाही हो माझा!

तर काळ पन्नास-साठच्या मधला. आमच्या राज्याला तेव्हा मैसूर म्हणत. बंगळूरला शिवाजीनगरच्या बाजारामागे आम्हा मराठी लोकांचं एक राममंदिर होतं आणि त्याला लागून लांबट सभामंडप. आम्ही सगळी तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेली घराणी. घरात मराठी, दारात कन्नड आणि इंग्रजी फक्त कागदावर. मंडळाचे सेक्रेटरी अनंतराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांच्या मनात आलं की आपल्या बायकांनाही इंग्रजी आलं पाहिजे. मी बावीस वर्षांची, नुकती बी. ए. झालेली, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. अण्णांनी मला बोलावून सांगितलं,

"बायकांना स्वल्प इंग्रजी शिकव. फार नको!"

*

मी पहिलं क्रियापद घेतलं 'हॅव'. आपल्याकडे मला भाऊ आहे, माझ्याकडे पेन आहे, माझं डोकं दुखतंय, अशी दहा तऱ्हांनी सांगायची गोष्ट इंग्रज एका 'हॅव'मध्ये उरकतो. वर्तमानकाळ तेवढा घ्यायचा, भूतकाळ दिवाळीनंतर, असं मी ठरवलं होतं. ती दिवाळी काही आली नाही. आम्ही वर्षभर वर्तमानकाळातच राहिलो.

माझी एक पद्धत होती. एकीने उठून वाक्य म्हणायचं. बाकीच्यांनी ओरडायचं, "शो!" तिने ती वस्तू हातात धरून सगळ्यांना दाखवायची. दाखवली की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "येस, यू हॅव!" जे नाही ते म्हणायचं नाही. खोटं बोलायचं नाही, ही सक्त ताकीद.

पहिल्या दिवशी मी माझं नवं कोरं पेन उंच धरलं. बी. ए. झाल्याबद्दल वडिलांनी दिलेलं, सोनेरी टोपणाचं. "आय हॅव अ पेन!" मग ते पुढे बसलेल्या तुळसाक्काच्या हातात दिलं. तुळसाक्का म्हणजे पन्नाशीची बाई, शिंप्याची बायको, अंगठा सुईने टोचून टोचून चाळणी झालेला. तिने पेन उंच धरलं. "आय हॅव अ पेन!" सगळ्या गरजल्या, "येस, यू हॅव!"

तुळसाक्काने पेन शांतपणे पिशवीत टाकलं.

"अक्का, पेन द्या की," मी म्हटलं.

"का म्हणून? खोटं बोलायचं नाही असं तूच सांगितलंस. वीस जणींनी साक्ष दिली!"

पेन गेलं ते गेलंच. वडिलांना काय सांगायचं या काळजीत घरी जायला निघाले, तर मागे खांबाजवळ कुणीतरी जाजम गुंडाळत होतं. ती शारदाक्का, अण्णांची धाकटी बहीण. सात वर्षांपूर्वी नवरा तापाने गेला, तेव्हापासून भावाकडे. अकरा माणसांचा स्वयंपाक उरकून ती दुपारी तीनला यायची. अण्णा तिला पाठवत ते शिकायला नव्हे, जाजम घालायला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली,

"टीचर, गावाबाहेरच्या नव्या सरकारी कारखान्यात बायकांना घेणार आहेत. तारा जोडायचं काम. साहेब मुलाखत इंग्रजीत घेतो म्हणे. मला जमेल का हो?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. बावीस वर्षांच्या माणसाला सगळंच जमण्यासारखं वाटतं.

"अण्णांना मात्र एवढ्यात सांगू नका," ती म्हणाली आणि जाजम उचलून आत गेली.

*

आता कोंबडी. पेन पचल्यावर तुळसाक्काला जोर चढला. दर वेळी नवी वस्तू. कात्री झाली, माप घ्यायची टेप झाली, शेगडी झाली. एका गुरुवारी ती पदराखाली काहीतरी धरून आली. पाळी आल्यावर उठली आणि म्हणाली, "आय हॅव अ हेन!"

मला वाटलं, चुकून म्हणाली. बायका ओरडल्या, "शो!"

तिने पदर बाजूला केला. खरोखरची कोंबडी! राममंदिराच्या सभामंडपात! मी किंचाळले, कोंबडी माझ्यापेक्षा मोठ्याने किंचाळली आणि उडाली ती थेट गाभाऱ्यात. रामाच्या मुकुटावर एक पाय, सीतेच्या खांद्यावर एक पाय.

आमचे पुजारी रंगभट म्हणजे सोवळ्याचं दुसरं नाव. कन्नड बोलणाऱ्याची सावलीही चालायची, पण इंग्रजी शब्द कानावर पडला की ते आचमन करत. दुपारी वर्ग भरला की गाभाऱ्याचं दार अर्धं लोटून आत बसत. आता ते हातात पळी घेऊन बाहेर आले, चेहरा लालबुंद. मला वाटलं, संपलं. वर्ग बंद, अण्णांची नाचक्की, माझी तर गावातून हकालपट्टी!

रंगभटांनी तुळसाक्काकडे बोट केलं आणि गरजले,

"यू हॅव हेन! आय हॅव गॉड! टेक!"

कोंबडी मी विसरले. तीन महिने हा माणूस दाराआड बसून शिकत होता, आणि आम्हा एकवीस जणींपैकी एकीलाही पत्ता नव्हता! 'टेक' तर मी एकदाच, खडू देताना म्हटलं होतं.

त्या दिवसापासून गाभाऱ्याचं दार उघडं राहू लागलं.

*

तुळसाक्काचा नवरा छावणीतल्या मडमांचे झगे शिवायचा. एकदा त्याला ताप, म्हणून झगा पोचवायला ती गेली. मडम दारात आली, कपाळाला हात लावून. झगा मापून बघायचा होता, तर म्हणाली, "नॉट टुडे. आय हॅव अ हेडेक."

'आय हॅव' कानावर पडलं, आणि तुळसाक्काच्या तोंडून सवयीने निघालं,

"शो!"

मडम दचकली. "आय बेग युअर पार्डन?"

"शो!" तुळसाक्का ठाम. वर्गात खुद्द टीचरला सूट नसते, मंडळाचे अध्यक्ष आले तरी नसते, मग ही कोण? मडमने घाबरून डोकं जरा पुढे केलं असावं. तुळसाक्काने झगा खाली ठेवला, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं, कपाळाच्या शिरा चाचपल्या. खरंच ठणकत होत्या. तिने बाईला तिथेच पायरीवर बसवलं, चांगलं पाऊण तास डोकं चेपून दिलं आणि उठताना सांगितलं,

"येस, यू हॅव!"

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी डोकं धरून बसले. शिंप्याचं गिऱ्हाईक माझ्यापायी तुटणार! पुढच्या आठवड्यात मडमचा माणूस दुकानावर हजर. झग्यासाठी नव्हे. "ती बाई कुठाय? मेमसाहेबांना परत हेडेक हॅव!"

*

वर्गात पद्मा नावाची नवी सून होती. एवढंसं तोंड, एवढासा आवाज. एके दिवशी ती सासूला हाताला धरून घेऊन आली. गंगाअज्जी. सत्तरी गाठलेली, कडक नऊवारी, कमरेला चाव्यांचा जुडगा. चालली की देवळाच्या घंटेच्या आधी तो वाजायचा.

पद्माने सासूचा हात उंच धरला. "आय हॅव अ मदर-इन-लॉ!"

"येस, यू हॅव!"

गंगाअज्जीने मला विचारलं, "काय म्हणाली ती?" मी अर्थ सांगितला. अज्जीचा चेहरा बदलला.

"मी म्हणजे पेन आहे का गे? हात धरून दाखवायला?"

पद्माने हात सोडला. अज्जी मधे येऊन उभी राहिली. "मला पण येतं. स्वल्प सांग कसं म्हणायचं ते." मी सांगितलं. अज्जीने कमरेचा जुडगा सोडला, उंच धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आय हॅव कीज!"

'शो' म्हणायची गरजच नव्हती. त्या मंडपात अकरा सुना होत्या. अकराही जणी त्या चाव्यांकडे बघत होत्या, आणि 'येस, यू हॅव' म्हणायला एकीचाही घसा उघडेना. शेवटी पद्माच म्हणाली, अगदी हळू. "येस. यू हॅव."

अज्जी दुसऱ्या दिवसापासून वर्गात यायला लागली. सर्वांत पुढे बसायची आणि 'शो' सर्वांत मोठ्याने ओरडायची.

*

पद्माचा नवरा मला रस्त्यात गाठून म्हणाला, "टीचर, हा काय वर्ग चालवताय? काल मी घरी म्हटलं, आज ऑफिसात फार काम होतं, म्हणून उशीर झाला. तर आई आणि बायको दोघी एकदम म्हणाल्या, 'शो!'"

"मग?"

तो बिचारा बराच वेळ चपलेने माती उकरत उभा राहिला. "मग काय... खिशात सिनेमाचं तिकीट होतं."

*

आता अण्णांच्या कोटाबद्दल सांगायलाच हवं. आमच्या मंडळाला ऑफिस नव्हतं. अण्णांचा काळा कोट हेच ऑफिस. सगळी पत्रं अण्णांच्या घरच्या पत्त्यावर यायची आणि कोटात जमा व्हायची. एकदा मी खडूंसाठी अर्ज केला, तर त्यांनी आतल्या खिशातून तीन वर्षांपूर्वीचा दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज काढला आणि म्हणाले, "आधी याचा नंबर आहे!" कागद म्हणून फाडायचा नाही, हा त्यांचा बाणा. द्यायचा की नाही, तो वेगळा प्रश्न.

अण्णा वर्ग बघायला आले, तेव्हा मला 'हॅज' शिकवायचं होतं. तिसऱ्या माणसाकडे काय आहे ते सांगायचं. समोर आयता तिसरा माणूस! मी म्हटलं, "अण्णा हॅज अ वॉच."

"शो!" बायका ओरडल्या.

अण्णा आधी गोंधळले, मग खूश झाले. घड्याळ काढून दाखवलं. "येस, ही हॅज!" मग पेन. मग चष्म्याचं घर. मग तपकिरीची डबी, अडकित्ता, पावतीपुस्तक, अर्धी सुपारी. प्रत्येक वेळी बायका ओरडत आणि अण्णांचा हात आपोआप खिशात जाई. जादूगारासारखे रंगले होते ते. शेवटी गंगाअज्जी उठली आणि म्हणाली, "अण्णा हॅज अ कोम!"

अण्णांच्या डोक्यावर लग्नापासून एक केस नव्हता. हसू दाबून दाबून मला ठसका लागला. पण बायका ओरडल्या, "शो!" आणि अण्णांचा हात वरच्या खिशात गेला.

फणी निघाली! हस्तिदंती, दातांत एक केस नसलेली.

मंडप हसून हसून लोळला. अण्णाही हसले. त्यानंतर ते दर महिन्याला यायचे आणि येताना खिसे मुद्दाम भरून आणायचे. हसत नव्हती ती फक्त शारदाक्का. तिला त्या कोटात नवल नव्हतं. दर रविवारी सकाळी इस्त्रीसाठी तीच तो रिकामा करायची आणि इस्त्री झाली की चिठ्ठी न् चिठ्ठी होती त्या जागी परत ठेवायची.

*

हसायचं तेवढं हसून झालं. आता माझी लाज सांगते.

शारदाक्का कधीच काही आणायची नाही. पाळी आली की उठायची, दोन्ही हात पुढे करायची, रिकामे. "आय हॅव नो." आणि बसायची. असं एकदा झालं, चारदा झालं. एका दुपारी माझं टाळकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शारदाक्का, नोकरीला जायचंय ना? एक वाटी आणायचं होत नाही तुमच्याने? चमचा तरी!"

नोकरीचं मी तिथे बोलायला नको होतं.

"वाटी अण्णांची आहे, टीचर," ती म्हणाली. "चमचाही. हे लुगडं वहिनीचं जुनं. चप्पल अण्णांनी आणली. रात्री बसून मी सगळं घर आठवून बघितलं. माझं म्हणावं असं काही नाही. खोटं बोलायचं नाही म्हणालात, मग काय आणू?"

कानाखाली मारावी तसं झालं मला. एवढं बी. ए. होऊन माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, की 'आय हॅव' म्हणायला आधी काहीतरी असावं लागतं. मग तुळसाक्काने पिशवीत हात घातला, माझं सोनेरी टोपणाचं पेन काढलं आणि शारदाक्काच्या हातात कोंबलं.

"घे गे. म्हण. आम्ही वीस जणी साक्षीला आहोत."

शारदाक्काने पेन उलटंसुलटं बघितलं. मग चालत पुढे आली आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे टीचरचं," ती म्हणाली. "आय हॅव नो."

सहा महिन्यांनी मला माझं पेन मिळालं. ते घेताना माझा हात चोरासारखा झाला होता.

*

त्याच पेनाने मी तिचा अर्ज भरला. वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या विमलचाही त्याच दिवशी भरला. वयाची अट होती, तिशीच्या आत. शारदाक्काला तीन महिन्यांनी तीस वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे हीच वेळ, पुढची नाही. भाड्याची एक खोली आणि त्या खोलीत स्वतःची एक वाटी, एवढंच तिला हवं होतं. हे तिनेच मला सांगितलं, शाई वाळायची वाट बघताना.

अण्णांच्या कानावर कुठून तरी गेलंच. कुठून ते मला माहीत आहे, मीच ते भर वर्गात ओरडले होते. ते मंडपात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आमच्या घरची बाई कारखान्यात? माझ्या बहिणीला माझ्या घरी काय कमी आहे?" शारदाक्का जाजम झटकत होती. झटकत राहिली.

पुढच्या मंगळवारी विमलला मुलाखतीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहा वाजता, पत्र सोबत आणणे, त्याशिवाय फाटकातून आत सोडणार नाहीत. शारदाक्काला पत्र नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. अर्ज एकाच पाकिटात गेले होते हो! शनिवारी मी न राहवून अण्णांनाच विचारलं, "शारदाक्काचं काही पत्र आलं का?"

"आलं असतं तर दिलं नसतं का?" अण्णा म्हणाले. "सरकारी कामं अशीच असतात. उद्याच्या समारंभाचं बघ तू."

मला ते पटलं. खरंच पटलं. अण्णांवर अविश्वास दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही, आणि याचा राग मला आजही येतो.

*

तर तो समारंभ.

रविवार, संध्याकाळचे पाच. मंडळाचा वार्षिक दिवस. मंडप खच्चून भरलेला. पाहुणे म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बोलावले होते, कपाळावर कायमची आठी. अण्णा व्यासपीठावर, इस्त्रीच्या काळ्या कोटात. आमचा कार्यक्रम शेवटी, 'महिला वर्गाचे इंग्रजी संभाषण'.

तुळसाक्काने कात्री दाखवली. टाळ्या. रंगभटांनी हट्टच धरला होता, म्हणून त्यांनी गाभाऱ्यातूनच घंटा वाजवून म्हटलं, "आय हॅव अ बेल!" लोक उभे राहून बघायला लागले. मग पद्मा आली. तिने मूठ उघडली आणि म्हणाली, "आय हॅव अ की." एकच किल्ली होती. मी गंगाअज्जीकडे बघितलं. ती भलतीकडेच बघत होती आणि तिच्या जुडग्यात एक किल्ली कमी होती.

शेवटी आमचा हुकमी एक्का, अण्णांचा कोट! अण्णा स्वतःच मधे येऊन उभे राहिले. "अण्णा हॅज अ वॉच." "शो!" घड्याळ. "अण्णा हॅज अ पेन." "शो!" पेन. प्रेक्षकांनाही नाद लागला, तेही ओरडायला लागले. फणी निघाली तेव्हा न्यायाधीशांची आठी पहिल्यांदा सुटली. एवढं हसले की त्यांनी डोळे पुसले. अण्णा लवून लवून नमस्कार करत होते. माझा कार्यक्रम इथे संपत होता. मी हात जोडायला पुढे झाले.

तेवढ्यात खांबाजवळून शारदाक्का आली. हारांचं ताट तिने खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि अण्णांच्या समोर येऊन उभी राहिली. वर्षभरात ती कधी आपणहून लोकांसमोर आली नव्हती. अण्णा हसतच होते.

"अण्णा हॅज माय लेटर," ती म्हणाली.

'माय' हा शब्द मी शिकवलेलाच नव्हता.

अण्णांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळे हसायचे थांबले. मी शारदाक्काकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, आणि आज रविवार, सकाळीच तो कोट तिच्या हातून गेलेला, हे मला आठवलं. वर्गातल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

मग गंगाअज्जी उठली. जुडगा खळकन वाजला.

"शो!" ती म्हणाली.

"शो!" तुळसाक्का म्हणाली. "शो!" पद्मा म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग वीसही जणी. लोकांना वाटलं, कार्यक्रमच चाललाय. तेही टाळ्या वाजवत ओरडायला लागले. पोरंटोरं, म्हातारे, मागे उभे असलेले फुलवाले, सगळे. न्यायाधीश खुर्चीत पुढे सरकले आणि हसत हसत म्हणाले, "अहो, शो, अनंतराव! शो!"

अण्णांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला. तिथे थोडा वेळ थांबला. मग बाहेर आला. हातात खाकी पाकीट होतं, सरकारी शिक्क्याचं.

शारदाक्काने ते घेतलं. घाई केली नाही. लोकांकडे वळली, पाकीट दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं, शेवटच्या रांगेलाही दिसेल असं.

"आय हॅव अ लेटर."

आणि रंगभटांच्या घंटेसकट सगळा मंडप गरजला, "येस, यू हॅव!"